चरा आणि तडा

माझ्या लहानपणी वडोद्यात मांडवीजवळ तसबिरी मढवणारा एक कारागीर बसे. हिरकणीने काचेवर बारीक चरा ओढायचा, टेबलाच्या कडेवर धरून काच हलकेच दाबायची, की चऱ्यावरून तिचे सरळ दोन तुकडे! एवढासा चरा त्या जाड काचेला भारी का पडावा? हे कोडे पुढे कलाभवनात शिकताना उलगडले. ते उलगडणारा गृहस्थ म्हणजे ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ (1893–1963).

ग्रिफिथ इंग्लंडात फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेत होता. अणूंमधील ओढ पाहता काचेने कितीतरी अधिक ताण सोसावयास हवा. मग ती लवकर का तुटते? त्याने काच वितळवून तंतू ओढले. तंतू जितका बारीक, तितका जाडीच्या मानाने बळकट निघाला. बारीक तंतूत मोठी भेग मावणार कोठून?

1921 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने याचा जमाखर्च मांडला. भेग वाढली की पदार्थात साठलेली ताणाची ऊर्जा सुटते, ही जमा. नवे पृष्ठभाग निर्माण करावयास ऊर्जा लागते, हा खर्च. जमा खर्चाहून वाढली की भेग आपणहून धावू लागते. भेग चौपट लांब झाली, तर ती धावावयास निम्मा ताण पुरे.

हे काचेपुरते खरे, पोलाद काही काच नव्हे, असाच समज बहुतेक इंजिनियरांचा होता. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना दुभंगले! युद्धानंतर अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेतील जॉर्ज अर्विन याने ग्रिफिथचा हिशेब धातूंना लागू केला. धातूत भेगेच्या टोकाशी पदार्थ लवतो, त्यामुळे खर्चाची बाजू पुष्कळ मोठी असते, एवढाच फरक.

1954 साली दोन ‘कॉमेट’ विमाने भूमध्य समुद्रात कोसळली. तपास झाला तो फार्नबरोतच. पाण्याच्या टाकीत विमानाच्या सांगाड्यावर पुनःपुन्हा दाब दिला, तेव्हा भेग हळूहळू वाढली आणि मर्यादा ओलांडताच सांगाडा फाटला. ग्रिफिथ तोवर रोल्स-रॉइसमध्ये जेट इंजिनांच्या कामात गढला होता.

आज विमानाच्या तपासणीत भेग सापडली, की ती किती लांब आहे व किती वेगाने वाढेल, हे पाहतात. निर्दोष वस्तू कोणी मागत नाही. दोषाची मर्यादा मात्र ठाऊक असावी लागते.

आमच्या माडीवरच्या खिडकीची एक काच कित्येक वर्षे तडकलेली आहे. सूनबाई बदला म्हणतात. मी दर दिवाळीच्या साफसफाईत तडा पट्टीने मोजून ‘राहू द्या’ म्हणतो. यंदा तो दोन सूत वाढलेला दिसला. मी मुकाट्याने काचवाल्याला बोलावणे पाठविले.