खिडकीतली सीट, मुंग्या आणि खाजकुइली

सकाळी बदलापूरहून लोकल पकडलीत तर एक गंमत दिसेल. अंबरनाथ-उल्हासनगरची काही मंडळी आधी उलटी बदलापूरला येतात, जागा पकडतात आणि त्याच गाडीने परत निघतात. मग अंबरनाथला चढणाऱ्याला सीट कुठून मिळणार?

ॲलर्जीची गोळी अगदी हेच करते!

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ माझ्या भाच्याला मुंग्या चावल्या. पाच मिनिटांत हातावर लालचुटूक गांधी उठल्या. आपल्या त्वचेत मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामाइनच्या इवल्याशा पुरचुंड्या आधीपासून भरलेल्या असतात. त्या फुटतात, हिस्टामाइन ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि मज्जातंतू खाजेची वर्दी देतात. सेटिरिझिनसारखं अँटिहिस्टामाइन त्याच जागा अडवून बसतं. हिस्टामाइन गाडीत असतंच, पण उभं!

हेच हिस्टामाइन मेंदूत आपल्याला जागंही ठेवतं बरं का. क्लोरफेनिरामिन ही जुनी गोळी मेंदूपर्यंत पोचते, म्हणून ती घेतली की डुलक्या येतात.

महिन्याभरात याच पोराचा घोटा मुरगळला. टम्म सुजला, लाल झाला. "मावशी, मागचीच गोळी दे ना!"

नाही चालणार, राजा. सूज तशीच दिसते, पण इथे मोठा कारभार प्रोस्टाग्लँडिनचा. ते पुरचुंडीत साठवलेलं नसतं. दुखावलेल्या पेशी ते तिथल्या तिथे बनवतात. आयबुप्रोफेनसारखं सूज उतरवणारं औषध ते बनवणाऱ्या एन्झाइमलाच रोखतं. म्हणजे गाडी कारशेडमधून सुटूच द्यायची नाही! ॲस्पिरिनही असंच काम करतं, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण प्रोस्टाग्लँडिन आपल्या जठराच्या अस्तराची राखणही करतं, म्हणून ही गोळी रिकाम्या पोटी नको. आणि ताप डेंग्यूचा असेल तर तिच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधांच्या डब्याला हात लावायचा नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं कोडं. डोंगरात भटकताना खाजकुइलीची शेंग अंगाला लागली, तर जीव नकोसा होईल इतकी खाज सुटते. पण तिथे अँटिहिस्टामाइनचा फारसा उपयोग होत नाही. खाजकुइलीच्या कुसांमधलं म्युक्युनेन नावाचं प्रथिन हिस्टामाइनच्या सीटकडे बघतही नाही. ते दुसऱ्याच दाराने चढतं!