सुखोईच्या पुढच्या सीटवर चष्मा का चालत नाही?

२५ नोव्हेंबर २००९. पुण्याच्या लोहगाव तळावरून एक सुखोई-३० लढाऊ विमान झेपावलं. मागच्या सीटवर जी-सूट घालून कोण बसलं होतं, ठाऊक आहे? प्रतिभाताई पाटील! आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या, एम. जे. कॉलेजात टेबल टेनिस गाजवलेल्या. तेव्हा त्या राष्ट्रपती होत्या आणि वय होतं ७४.

आता त्यांचा कुठलाही फोटो आठवा. डोळ्यांवर चष्मा आहे ना? मग तो सुखोईत कसा चालला? चालला, कारण विमान ताई चालवत नव्हत्या. चालवणारा पुढे होता, आणि पुढच्या सीटचे नियम भलतेच कडक.

हवाई दलात वैमानिक व्हायचं तर एका डोळ्याची नजर ६/६ हवी, दुसऱ्याची निदान ६/९. लांबचं धूसर दिसतं म्हणून ‘मायनस’ नंबर लागलेला असेल, तर गाडी तिथेच अडते. हे ६/६ काय प्रकरण आहे? वरचा आकडा म्हणजे नजर तपासायच्या तक्त्यापासून तुमचं अंतर, ६ मीटर. खालचा म्हणजे चांगल्या नजरेला तीच ओळ किती मीटरवरून वाचता येते, तो. म्हणजे ६/९ वाला जे ६ मीटरवर येऊन वाचतो, ते ६/६ वाल्यानं ९ मीटरवरूनच वाचलेलं असतं.

घरी करून बघा की. कोऱ्या कागदावर जेमतेम ९ मिलिमीटर उंचीचा, तीन दांड्यांचा इंग्रजी ‘ई’ काढा आणि भरपूर उजेडात भिंतीला लावा. ६ मीटर, म्हणजे साधारण २० फूट, मागे जा. एक डोळा तळहातानं झाका. घरातल्या कुणाला तरी तो कागद वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि दांड्या कुठे वळल्यात ते ओळखा. बोटांच्या फटीतून बघायचं नाही, आधीच सांगतोय!

एवढी बारीक नजर कशाला? गणित करा. दोन लढाऊ विमानं समोरासमोर ताशी १००० किलोमीटर वेगानं येताहेत. मधलं अंतर सेकंदाला साडेपाचशे मीटरनं कमी होतंय. ६ किलोमीटरवर ठिपका दिसला, तर हातात उरले फक्त ११ सेकंद. त्यात आणखी एक गंमत. निळ्याशार आभाळात बघायला काहीच नसलं, की डोळा आपोआप नाकासमोर एक-दोन मीटरवर स्थिरावतो. दूरचं विमान मग नजरेतून निसटतं. म्हणून वैमानिक मुद्दाम मधूनमधून लांबच्या ढगाकडे किंवा क्षितिजाकडे बघून घेतात.

आणि चष्मा? विमानानं झपकन वळण घेतलं की शरीराचं वजन नऊपटीपर्यंत वाढल्यासारखं होतं. त्याला म्हणतात ९ जी. २५ ग्रॅमचा चष्मा नाकावर सव्वादोनशे ग्रॅमचा होऊन बसेल. शिवाय वर हेल्मेट, खाली ऑक्सिजनचा मास्क. चष्मा घसरला तर वर करायला हात मोकळा कुठे असतो?

खरी कमाल तर पुढे आहे. अशा वळणात रक्त पायांकडे ओढलं जातं. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, त्यामुळे तिथे रक्त पोहोचणं मेंदूच्या आधी अवघड होतं. आधी रंग उडतात, जग राखाडी होतं. मग कडा काळवंडतात. शेवटी सगळा अंधार, आणि गंमत म्हणजे वैमानिक तेव्हाही शुद्धीवर असू शकतो! जी-सूट पाय आणि पोट आवळून रक्ताला वर थोपवून धरतो. प्रतिभाताईंनी तो घातला होता, तो यासाठीच.

रंगांचीही परीक्षा असते. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा शोधायच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. १९१७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी, लष्करात भरती होणाऱ्यांना तपासता यावं म्हणून. लाल-हिरव्यात गोंधळ उडणं मुलींपेक्षा मुलांमध्ये खूप जास्त आढळतं. भुसावळच्या लोको पायलटलाही रंगांची परीक्षा चुकत नाही. सिग्नल लाल की हिरवा, यावर अख्खी गाडी अवलंबून!

चष्मेवाल्यांनो, तोंड पाडू नका हं. जळगाव विमानतळावर आणि शिरपूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालतात ना? ते शिक्षण प्रवासी विमानांच्या वैमानिकांचं. तिथे चष्मा लावून नीट दिसलं आणि बाकीच्या तपासण्या पार पडल्या, की झालं.

आता आईला वाचून दाखवायचा भाग. दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांना ‘मायनस’ नंबर लागण्याची शक्यता कमी होते, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. तैवानमधल्या शाळांनी तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर काढायची मोहीमच घेतली. तेव्हा मोबाइल ठेवा आणि निघा मैदानावर. आणि फळ्यावरचं धूसर दिसत असेल, तर लपवू नका. आजच घरी सांगा.