पीसी तापून राहिला? आधी खोलीचं तापमान वजा करा

ज्यांना आकडे डोळ्यांसमोर हवेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

देवळीहून एका श्रोत्याचा मेसेज आलाय. "भाऊ, पीसी खूप तापून राहिला. दुपारी रेंडर लावला की प्रोसेसर ८८ दाखवतो. नवीन कूलर घेऊ का?" पीसी त्यानं घरीच जोडलाय. रायझन ५ ५६०० आणि सोबत डब्यात आलेला कूलर. काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं, आणि मे म्हणजे ऐन लग्नसराई. पीसी बंद ठेवून चालत नाही, आणि दोन-तीन हजार उगाच घालवूनही चालत नाही.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला पाण्याचा कूलर आठवतो. म्हणून प्रोसेसरवरच्या कूलरला आज आपण हीटसिंक म्हणू.

हीटसिंक थंडावा तयार करत नाही. तो फक्त चिपमधली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे चिप कधीच खोलीपेक्षा थंड होणार नाही. खोली जितकी तापेल, साधारण तितकंच चिपचं तापमान वर सरकतं. यूट्यूबवरचा रिव्ह्यू बहुतेक वेळा २०-२५ अंशांच्या एसी खोलीत केलेला असतो. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो. मग त्यांच्या आकड्याशी आपला आकडा कसा जुळणार?

म्हणून वजाबाकी करा. मी त्याला दोन वेळा मोजायला सांगितलं: तोच रेंडर, १५ मिनिटं, खोलीचं तापमान शेजारी लिहून. दुपारी खोली ४१, चिप ८८. पहाटे खोली ३१, चिप ७८. दोन्ही वेळा फरक ४७. म्हणजे दुपारी हीटसिंक बिघडत नाहीये, खोली तापतेय. डिसेंबरात खोली १८ असेल तेव्हा हाच पीसी ६५ च्या आसपास दाखवेल.

आता ८८ धोक्याचं आहे का? ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. रायझन ७६०० ची ९५, इंटेल आय५ १२४०० ची १००. मर्यादेला टेकली की चिप लगेच जळत नाही, ती स्वतःचा वेग कमी करते. त्याही पुढे गेलं तर पीसी बंद पडतो. पण हिशेब बघा: नवतपात खोली ४४ झाली तर ४४ अधिक ४७ म्हणजे ९१. चिप ९० ओलांडू देणार नाही, म्हणून रेंडर रेंगाळणार. खरा तोटा तो आहे.

तुमच्याकडे फरक याहून खूप जास्त येत असेल, तर आकडा कसा चढतो ते बघा. एचडब्ल्यूइन्फो उघडा, लिनक्सवर 'सेन्सर्स' कमांड चालवा. लोड देताच काही सेकंदांत आकडा मर्यादेला भिडला, तर हीटसिंक चिपवर नीट टेकलेला नाही. स्क्रू एका बाजूला ढिला, पेस्ट वाळलेली, किंवा खालची प्लॅस्टिकची फिल्म काढायचीच राहिलेली. पंखा फिरतोय ना, तेही बघा. आणि १०-१५ मिनिटं हळूहळू चढत गेला, तर कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडतेय. बाजूचं झाकण काढून पुन्हा मोजा. पाच-सात अंश उतरले, तर हवेची वाट मोकळी करा: पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा, आणि पीसी भिंतीला चिकटवलेला नको.

आपल्याकडे कापसाचा पट्टा. धुळीत रुईचे तंतू असतात आणि ते हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. पीसी बंद करून ब्लोअर मारा, पंखा बोटानं धरून. खिडकीतला कूलर लावायला हरकत नाही. खोली नऊ अंशांनी उतरली, तर चिपही जवळपास तेवढीच उतरते. फक्त पाण्याचे तुषार पीसीवर येऊ देऊ नका.

एएम४ सॉकेटचा हीटसिंक काढणार असाल, तर आधी दहा मिनिटं पीसीवर काम करून पेस्ट गरम होऊ द्या. मग पीसी बंद करा, प्लग काढा, आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

आपल्या भाऊचं उत्तर? पेस्ट नवी, धूळ साफ, फरक दोन्ही वेळा सारखा. मग आधी फुकटचा उपाय: बायोसमध्ये पॉवर लिमिट ७६ वॉटवरून ६० वर आणा. उष्णता वॉटच्या प्रमाणात, म्हणून ४७ चा फरक ३७ च्या आसपास येतो. ४४ च्या खोलीतही ८१. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण भर दुपारी तो अडणार नाही. लग्नसराई संपली, हातात पैसे आले, की मोठ्या हीटसिंकचा विचार निवांत करता येईल.

तुमचाही पीसी तापत असेल, तर मेसेजमध्ये तीन आकडे पाठवा: खोली, रिकामा पीसी, १५ मिनिटांचा लोड. आणि प्रोसेसरचं नाव विसरू नका. भेटू पुढच्या भागात!