दुखत नाही म्हणून पायाकडे दुर्लक्ष नको

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मावशी सतरंजीवर येऊन बसल्या आणि मागे रक्ताचे ठिपके उमटले. पाहिलं, तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. "अगं बाई, मला तर काहीच कळलं नाही!" मावशी म्हणाल्या. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे. एवढा काटा घुसूनही कळू नये, असं का होतं? त्यासाठी अंगाची खबर मेंदूपर्यंत कशी पोचते, ते आधी पाहू.

आपल्या कातडीत नसांची बारीक टोकं असतात. या नसा रक्ताच्या नव्हेत, खबर नेणाऱ्या. डॉक्टर त्यांना मज्जातंतू म्हणतात. कुठलं टोक स्पर्श ओळखतं, कुठलं गरम-गार, कुठलं दुखणं. तळपायाची खबर पायातून वर कमरेपर्यंत येते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरते आणि तिथून मेंदूत जाते. वाटेत ती बाजू बदलते. म्हणून उजव्या पायाचा काटा मेंदूच्या डाव्या भागाला कळतो.

भाकरी टाकताना तव्याला बोट लागलं, तर हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. कारण हात ओढायचा हुकूम मज्जारज्जूच देऊन टाकतो, मेंदूची वाट बघत नाही. मग आधी झणका येतो आणि मागून आग होत राहते. झणक्याची खबर नेणारे तंतू सेकंदाला पाच ते तीस मीटर धावतात, आगीची खबर नेणारे साधारण एकच मीटर.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की या नसा खराब होतात. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून त्रास बहुतेक तिथूनच सुरू होतो. मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही. मग जखम होते, पण खबर वर जात नाही. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. जखम चिघळते, आणि कधी कधी पाय कापायची पाळी येते.

म्हणून शुगर असणाऱ्या बायांनो, जे काम नसा करत नाहीत ते डोळ्यांनी करा. रोज रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा. अनवाणी फिरू नका, चप्पल झटकून घाला. पाय चुलीजवळ शेकू नका, कुरूप ब्लेडने कापू नका. जखम दिसली, तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. आणि शुगर असो-नसो, अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर आशाताईंना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो बरा होतो.

मावशींचा काटा त्याच दिवशी दवाखान्यात काढला, जखम भरली. आता रोज झोपताना नात त्यांचे तळवे बघते. तुमच्याही गटात कुणाला शुगर असेल, तर आज घरी गेल्यावर पाय बघायला सांगा.