हळदी-कुंकवाच्या रंगातली घरची पत्रिका

उन्हाळी लग्नसराई संपते न संपते तोच खरीप दारात उभा राहतो. अशा वेळी छापखान्याचं बिलही जड जातं. भावकी आणि मानाच्या पाहुण्यांपुरत्या पत्रिका घरीच करता येतात. रंग हळदी-कुंकवाचा धरावा.

जाड कागदावर हळदीचं गाळलेलं पाणी कुंचल्याने द्यावं व सावलीत वाळवावं. उन्हात हळदीचा रंग उडतो. मग काडीने चुन्याच्या निवळीची वेलबुट्टी काढावी. चुना लागताच हळद लाल होते. हळदीचं कुंकूही याच गुणावर बनतं. आधी एका तुकड्यावर करून बघा. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका. मजकूर शेवटी लिहावा. तिथी, मुहूर्त दोघांनी तपासावेत.

पहिली पत्रिका कुलदैवताला, अन् वाचलेला पैसा बियाण्याला!