खोका जुना, डिस्क नवी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला सुधारणा पुरवणं थांबवलं आणि कचेऱ्यांमधले असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांना दारातूनच परत पाठवलं जातं. ही यंत्रं पुण्या-मुंबईच्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडून अहिल्यानगरपर्यंत येतात. बाहेरून ओरखडे, आत सगळं ठणठणीत. घरात चोवीस तास चालणारा, फोटो सांभाळणारा, कागद शोधून देणारा, संध्याकाळी टीव्हीला सिनेमा पुरवणारा सर्व्हर ज्याला उभा करायचा आहे, त्याच्यासाठी ही चालून आलेली संधी आहे. लिनक्सला या यंत्रांचं वय खुपत नाही. शिवाय सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी चित्रफीत उलगडायची सोय इंटेलच्या चिपमध्येच आहे, म्हणजे घरातल्या सिनेमासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड नको.

असा सर्व्हर हवा कशाला? गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली. तेव्हापासून १५ जीबीची मोफत जागा संपत आल्याचा निरोप घरोघरी येऊ लागला. काहींनी महिन्याचे पैसे भरले, काहींनी लग्नाचे व्हिडिओ पुसले. तिसऱ्या जातीचे लोक दुकानात गेले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रोसेसर कोणता घेऊ?"

हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठे आहे हे आधी मोजायचं आणि मग पीक ठरवायचं. सर्व्हरलाही तोच क्रम लागू आहे. चार माणसांचं घर, प्रत्येकाचे दिवसाला दहा फोटो, फोटो सरासरी चार एमबीचा धरला, तर वर्षाला साठेक जीबी होतात. दहा वर्षांचे सहाशे. व्हिडिओंसाठी याच्या तिप्पट जागा सोडली तरी चार टीबीत संसार मावतो. म्हणजे आठ-आठ डिस्कच्या पेट्या बहुतेक घरांना नकोतच. चार टीबीच्या दोन डिस्क आणि एकीचा आरसा दुसरीत, एवढं पुरतं.

दुसरा ताळेबंद विजेचा. जुना मोठा टॉवर नुसता बसून ६० वॅट खात असेल, तर महिन्याला ४३ युनिट जातात. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त आणि पुढची बरीच महाग, त्यामुळे ८० युनिटांवर असलेलं घर या एका यंत्रापायी वरच्या टप्प्यात ढकललं जातं. तेच दोन डिस्कसह २० वॅटवर चालणारी आडवी, आटोपशीर कचेरी-पेटी १४-१५ युनिटांत भागवते. लिटरभर घनफळाचे छोटे खोके, म्हणजे थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा एलिटडेस्क मिनी, याहूनही कमी खातात, पण त्यांत साडेतीन इंची डिस्क बसत नाही. मग यूएसबीनं डिस्क बाहेर लटकवायच्या, वायरीला जरा धक्का लागला की जोड तुटायचा. मी आडव्या पेटीच्या बाजूचा. मात्र काही मॉडेलांत दोन डिस्क बसतात, काहींत एकच, म्हणून पैसे देण्याआधी झाकण उघडून पाहावं.

रास्पबेरी पायचे भक्त इथे रागावतील. शिकायला तो उत्तमच आहे. पण मेमरी कार्डावर चालणाऱ्या यंत्राची वीज लिहिता लिहिता गेली की कार्ड बिघडायची भीती असते, आणि आपल्याकडे वीज जाते. गावठाणात परिस्थिती बरी आहे. शेतातल्या वस्तीवर थ्री फेज पाळीनं येते, उरलेला वेळ सिंगल फेजवर निघतो, आणि शेजारच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज लोळण घेतं. त्यामुळे माझ्या यादीत प्रोसेसरच्या वर यूपीएस आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर बहुधा एक दुर्लक्षित खटका असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर इन्व्हर्टर कमी-जास्त व्होल्टेज खपवून घेतो आणि बदलायला वेळ लावतो. पंख्याला ते कळत नाही, पण संगणक पुन्हा सुरू होतो. यूपीएसच्या बाजूला बदल झटकन होतो. वेगळा यूपीएस घेतलात तर यूएसबीची तार असलेला घ्यावा. 'नट' नावाची मोफत प्रणाली त्या तारेवरून बॅटरीची खबर घेते आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच नीट मिटवते. तुम्ही तेव्हा कांद्याच्या वखारीत असलात तरी चालतं.

वळवाच्या पावसातल्या विजांचंही बघायला हवं. इंटरनेट काचेच्या तंतूतून येत असेल तर त्या वाटेनं झटका येत नाही, तांब्याच्या तारेनं येतो. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची नेटवर्क केबल ही अशीच तांब्याची वाट असते. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडला असेल, तर महागडी सर्ज पट्टी लावूनही फारसा उपयोग नाही.

ठेवायचं कुठे? पत्र्याखालच्या माळ्यावर मुळीच नाही. नगरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून वर, आणि डिस्कला ६० अंश ही साधारण कमाल मर्यादा. माळवदाच्या घरातली मधली खोली सर्वांत थंड, फक्त तिच्या जाड भिंतीतून वायफाय जात नाही, म्हणून केबल ओढावी लागते. ती तशीही ओढावी. गिगाबिट केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. मध्ये जुना शंभरचा स्विच राहिला तर तोच बारावर येतो. साखर कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामात काजळी उडते, ती पंख्यातून आत जाते. हंगाम संपला की एकदा झाकण काढून ब्लोअर मारावा.

आता डिस्क. इथे जुनं घेऊ नये, हा माझा एकमेव कडक नियम. नवी घेतानाही तिची लिहिण्याची पद्धत विचारावी. सीएमआर डिस्कवर माहितीच्या रेषा शेजारी-शेजारी असतात, एसएमआरवर कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. एसएमआर स्वस्त पडते, पण आरसा पुन्हा भरायची वेळ आली की रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या काही रेड डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं, तेव्हा जगभर ओरड झाली. त्यानंतर सीएमआर डिस्क रेड प्लस या नावानं वेगळ्या निघाल्या. तेव्हापासून जाणकार डिस्कचा क्रमांक तपासूनच घेतात.

दोन डिस्क जोडायला झेडएफएस वापरावी. सन मायक्रोसिस्टिम्सनं घडवलेली आणि २००५ मध्ये खुली केलेली ही प्रणाली प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण जपते. वाचताना खूण जुळली नाही तर आरशातली चांगली प्रत काढून देते आणि बिघडलेली दुरुस्त करते. जुन्या मजकुरावर ती थेट लिहीत नाही. नवा मजकूर बाजूला लिहून झाल्यावरच पत्ता बदलते, म्हणून वीज मध्येच गेली तरी आधीची अवस्था शाबूत राहते. चुका सुधारणारी ईसीसी मेमरी नसेल तर झेडएफएस नकोच, असं बजावणारे भेटतात. ईसीसी असली तर चांगलंच, पण ती घेण्यात यूपीएसचे पैसे जाणार असतील तर आधी यूपीएस.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत तरुण मंडळी प्रॉक्समॉक्सपासून सुरुवात करतात, एका यंत्रात पाच आभासी यंत्रं बसवतात आणि सहा महिन्यांनी कुठे काय ठेवलं ते विसरतात. घरासाठी साधं डेबियन लिनक्स, त्यावर प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात चालवणारं डॉकर आणि त्यात मोजकी कामं, हे मला पटतं. फोटोंना इमिच, सिनेमांना २०१८ मध्ये एम्बीपासून फुटून निघालेलं जेलीफिन. आदेश टाइप करायची भीती वाटत असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट हे डेबियनवरच उभं आहे आणि ब्राउझरमधून चालतं.

माझ्या मते या खोक्याचं खरं चीज कागदांत होतं. सातबारा, आठ अ, फेरफार, सोसायटीच्या पावत्या, कारखान्याची ऊसबिलं, दवाखान्याचे रिपोर्ट स्कॅन करून पेपरलेस-एनजीएक्समध्ये टाकले की टेसरॅक्ट हे वाचनयंत्र त्यातली अक्षरं ओळखतं. टेसरॅक्टला मराठी येतं. मांडणी करताना भाषेच्या जागी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदवायच्या एवढंच. मग गट नंबर टाइप केला की कागद समोर. छापील देवनागरी ते बऱ्यापैकी वाचतं, तलाठ्याच्या हस्ताक्षराला अडखळतं आणि मोडीपुढे हात टेकतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फायलींची गंमत अशी की पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे शोध लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्या फायली चित्ररूपात काढून टेसरॅक्टला वाचायला द्यायच्या.

मराठी नावांची आणखी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटांचं असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, आणि काना-मात्रा-हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं. विंडोजवर २५५ चिन्हांपर्यंत चालतं, म्हणून तिथे ठेवलेलं 'चिरंजीव आणि चिरंजीविनी यांच्या शुभविवाहाचे सर्व व्हिडिओ संगमनेर मंगल कार्यालय हळद आणि वरात अंतिम प्रत' असं नाव सर्व्हर नाकारतो. दोष डिस्कचा नसतो, नाव आखूड करावं.

घराबाहेरून सर्व्हर गाठताना वेगळाच अडसर येतो. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच आयपीव्ही४ पत्ता देतात, त्यामुळे राउटरमध्ये दार उघडूनही बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. एका अर्थी ते बरंच, कारण दार उघडं ठेवणं हा धोकाच असतो. वायरगार्डवर बांधलेलं टेलस्केल फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये बसवलं की दोघं एकमेकांना शोधून काढतात आणि दाराला कुलूप राहतं.

उरला बॅकअप. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो, आणि चोर पेटीच उचलून नेतो. म्हणून तिसरी डिस्क हवी आणि ती दुसऱ्या गावी हवी. पुण्यातल्या बहिणीकडे ठेवावी, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलून आणावी. आणली की तिच्यावरून दहा-वीस फायली उघडून बघाव्यात, त्यात एखादा जुना व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. हे काम घरातल्या दुसऱ्या माणसानं करावं, सर्व्हर उभारणाऱ्यानं बाजूला बसावं. जिथे ते माणूस अडेल, ती पायरी कागदावर लिहून काढावी आणि तो कागद पासवर्डांसह खरेदीखताच्या फाइलीत ठेवावा.