बी.एड.ची फी माफ, पण नेमकी कुठली?

‘मुलींना आता सगळं फुकटच आहे ना?’ बी.एड.चे प्रवेश सुरू झाले की हे वाक्य ऐकू येणारच. आमच्या शेजारची मुलगी याच भरवशावर कॉलेजात गेली आणि हातात पावती घेऊन परतली. शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य होतं, पण त्याखाली ग्रंथालयाची अनामत, ओळखपत्र, गणवेश अशी रांग लागलेली. ‘काका, मग माफ काय झालं?’

माफ झालं ते शासन निर्णयात लिहिलंय तेवढंच. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात निम्मी सवलत मिळायची. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने ती २०२४-२५ पासून शंभर टक्के झाली. अट अशी की, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. वसतिगृह, खानावळ, पाठ टाचणाच्या वह्या, शैक्षणिक साधनांचे पुठ्ठे हे सगळं आपल्याच खिशातून. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या शिष्यवृत्त्या याहून जुन्या आणि वेगळ्या. त्यांची यात सरमिसळ करू नये.

खरी गोम आहे प्रवेशाच्या वाटेत. सवलत मिळते ती सीईटी देऊन केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून आलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही योजनेबाहेर आहेत. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोघींपैकी एकीची फी शून्य आणि दुसरीची पूर्ण, असं होऊ शकतं. ‘घराजवळचं कॉलेज आहे, कोट्यातून घेऊन टाकू, फी माफच आहे,’ हा हिशेब सगळ्यात महागात पडतो.

फी सगळीकडे सारखी असते, हाही एक समज. विनाअनुदानित कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ती कॉलेजागणिक वेगळी असते. ठरलेल्या फीवर देणगी मागितली, तर ते कॅपिटेशन फी. तिला १९८७ पासूनच बंदी आहे, पावती फाडली तरी आणि नाही फाडली तरी.

आंतरवासितेत विद्यावेतन मिळतं असंही काही जण सांगतात. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, पण तो अभ्यासक्रमाचाच भाग. छात्राध्यापिकेला त्याचा मोबदला नाही. लोकांच्या डोक्यात असते ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिच्यात पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये मिळतात. पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागूच नाही. शिक्षणसेवकाचं मानधन तर नोकरी लागल्यावरचं. २०२३ च्या जानेवारीपासून ते प्राथमिकला ६,००० वरून १६,००० आणि माध्यमिकला ८,००० वरून १८,००० झालं. तीन वर्षं त्यावरच काढायची.

राहिला शेवटचा गोंधळ : एकदा माफ झाली की दोन्ही वर्षांची झाली. तसं नाही. दुसऱ्या वर्षालाही सवलत आहे, अगदी निर्णयाआधी प्रवेश घेतलेल्यांनाही होती, पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. शेजारच्या मुलीने त्या पावतीच्या मागेच लिहून ठेवलंय : उत्पन्नाचा दाखला, आधार बँकेला जोडलेलं, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका.